औषध नेमकं कुठे बसतं?



बडोद्याच्या दांडिया बाजारात मराठीतून बोलायला मिळणं हा मी मान समजतो. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या डॉक्टरांचा दवाखाना याच भागात होता. जुनी मंडळी सांगतात की रोग्याचं मनगट हातात घेतलं की ते बराच वेळ काही बोलत नसत. नाडी मोजायला अर्धं मिनिट पुरतं. मग हा माणूस एवढा वेळ काय पाहत असेल? तळहात ओला आहे का, बोटं गार आहेत का, श्वासाबरोबर नाडी मागेपुढे होते का, जीभ कोरडी आहे का, डोळ्याची बाहुली केवढी आहे, हे सगळं तो पाहत असतो. त्याला यंत्र लागत नाही. आजचा माझा विषय इथूनच सुरू होतो.

पत्रिकेत विषयाचं नाव जड छापलं आहे: स्वायत्त चेतासंस्था आणि औषधं. घाबरू नका. मी आयुष्यभर औषधशास्त्र शिकवलं आणि विद्यार्थ्यांना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. औषध नेमकं कुठे बसतं? ते कशावर चालतं हे मी विचारत नव्हतो. तापावर, धापेवर, उलटीवर, हे पाकिटावर लिहिलेलं असतं. शरीरात कुठल्या जागी जाऊन बसतं, ते सांगा. याचं उत्तर ज्याला येतं त्याच्या हातून माणूस वाचतो. ज्याला येत नाही, त्याच्या हातून तेच औषध माणसाला मारूही शकतं. आज मला एवढीच एक गोष्ट पटवून द्यायची आहे.

आधी ही संस्था काय ते थोडक्यात सांगतो. आपण सगळे इथे शांत बसलो आहोत. जे जेवून आले त्यांचं अन्न पुढे सरकतं आहे. सभागृहातले दिवे मंद केले तेव्हा तुमच्या बाहुल्या मोठ्या झाल्या. उशीर झाला म्हणून जे धावत जिना चढून आले, त्यांचं हृदय मघाशी धडधडत होतं, आता ते पुन्हा संथ झालं आहे. यातलं एक तरी काम तुम्ही ठरवून केलंत का? नाही. ही कामं पाहणाऱ्या मज्जातंतूंच्या व्यवस्थेला केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी १८९८ साली स्वायत्त असं नाव दिलं. तिच्या दोन मोठ्या शाखा आहेत. सिंपथेटिक शाखा संकटाच्या वेळी पुढे येते. ती हृदय जलद करते, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळते, रक्तदाब चढवते, बाहुल्या मोठ्या करते. पॅरासिंपथेटिक शाखा निवांतपणाची. तिच्यामुळे लाळ सुटते, आतडी हलतात, हृदय संथ होतं, बाहुल्या बारीक होतात. निरोगी माणसात दोन्ही एकाच वेळी जाग्या असतात आणि त्यांचा समतोल क्षणोक्षणी बदलत असतो.

पण मज्जातंतू हृदयाला निरोप देतो म्हणजे नेमकं काय करतो? विजेचा झटका देतो? शंभर वर्षांपूर्वी बहुतेकांची तीच समजूत होती. १९२१ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी ओटो लोवी यांनी बेडकांची दोन हृदयं घेतली. एकाला त्याचा व्हेगस मज्जातंतू ठेवला होता, दुसऱ्याचा काढला होता. पहिल्याचा मज्जातंतू चेतवला, हृदय संथ झालं. मग त्या हृदयातला द्रव उचलून दुसऱ्यात घातला. दुसऱ्या हृदयाला मज्जातंतूच नव्हता, तरी तेही संथ झालं! म्हणजे निरोप रसायनाने जातो. ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन, हे पुढे स्पष्ट झालं. १९३६ साली लोवी आणि इंग्लंडचे हेन्री डेल या दोघांना नोबेल मिळालं. एकदा निरोप रसायनाचा ठरला की औषधाला वाट मोकळी झाली. रसायनाची नक्कल करता येते, त्याची जागा अडवता येते, त्याचा साठा रिकामा करता येतो.

या १९२१ सालापाशी मी मुद्दाम थांबतो, कारण त्याच सुमाराला आपल्या बडोद्यात एक मराठी माणूस याच अनैच्छिक कामांच्या मागे लागला होता. इथून चार पावलांवर जुम्मादादा व्यायाममंदिर आहे. तुमच्यापैकी कित्येकांचे वडील-आजोबा तिथल्या मातीत घुमले असतील. प्रोफेसर माणिकरावांच्या त्या आखाड्यात १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण तालीम घेत होता. जन्म १८८३ सालचा, शेजारच्या डभोईचा. पुढे नर्मदाकाठच्या मालसरला माधवदासजींकडे ते योग शिकले आणि स्वामी कुवलयानंद झाले. १९२०-२१ साली त्यांनी इथल्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत, आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन, उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो ते तपासायला सुरुवात केली. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली, 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. नौली करताना मोठ्या आतड्यात दाब वातावरणापेक्षा खाली जातो, हे त्यांनी मोजून दाखवलं आणि त्या पोकळीला आपल्या गुरूंचं, माधवदासांचं, नाव दिलं.

यात औषध कुठे आहे? कुठेच नाही. पण वृत्ती तीच आहे. गुरूवर अपार श्रद्धा असलेला हा माणूस गुरूची क्रिया मोजपट्टीखाली आणतो. 'यानं बरं वाटतं' एवढ्यावर त्याचं समाधान होत नाही. बरं वाटतं तर शरीरात कुठे काय बदललं? हा प्रश्न विचारायला धैर्य लागतं, आणि श्रद्धेच्या माणसाला तर जास्तच लागतं. पुढे अमेरिकेहून वेंगर आणि बागची हे संशोधक आले. दिल्लीच्या डॉ. आनंद यांच्याबरोबर त्यांनी हृदय थांबवून दाखवतो म्हणणाऱ्या योगाभ्यासींना तपासलं आणि १९६१ साली निष्कर्ष छापले. मनगटातली नाडी खरोखरच लागेनाशी होत होती. पण ईसीजीचा कागद सांगत होता की हृदय चालूच आहे. श्वास रोखून छातीतला दाब वाढवला की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, त्यामुळे नाडी हाताला लागत नाही. साधकांची साधना यानं कमी होत नाही. काय घडतं ते मात्र कळलं.

बडोद्याचा औषधांशीही जुना संबंध आहे. प्रा. गज्जर, प्रा. कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी १९०७ साली उभी केलेली अलेंबिक आपल्या गावची शान. मेडिकल कॉलेज १९४९ पासून आहे. त्यामुळे मी हा विषय परक्या गावात नेऊन टाकतो आहे असं मला वाटत नाही.

आता जागांकडे येतो. आम्ही शिकत होतो तेव्हा औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत कायमोग्राफ असे. लोखंडी ढोल, त्यावर गुळगुळीत पांढरा कागद ताणून चिकटवायचा, मग तो ढोल धूर ओकणाऱ्या ज्योतीवर सारखा फिरवत काजळीने काळा करायचा. एका जागी जरा जास्त थांबलं की कागद करपे. मग तरफेचं टोक त्या काळ्यावर हलकेच टेकवायचं, ढोल संथ फिरू द्यायचा, आणि काळ्यावर पांढरी रेघ उमटत जायची. हृदयाचा प्रत्येक ठोका, रक्तदाबाचा प्रत्येक चढउतार त्या रेघेत. शेवटी कागद लाखेच्या रोगणात बुडवून वाळवायचा. हाताला लागलेली काजळी दोन दिवस निघत नसे.

त्या रेघेत एक प्रयोग मी पाहिला आणि माझा विषय ठरून गेला. रक्तदाब नोंदवत असलेल्या प्राण्याला अ‍ॅड्रेनलीन दिलं. रेघ उंच चढली. मग एक रोधक औषध दिलं. पुन्हा तेच अ‍ॅड्रेनलीन, तीच मात्रा. आता रेघ खाली उतरली! तेच औषध, तोच प्राणी, आणि परिणाम उलटा. हेन्री डेल यांनी १९०६ साली अर्गट नावाच्या बुरशीचा अर्क दिल्यावर हेच पाहिलं होतं. त्यांच्याकडे तपासायला आलेल्या अधिवृक्क ग्रंथीच्या, म्हणजे अ‍ॅड्रेनलीनच्याच, अर्काने रक्तदाब चढायच्या ऐवजी उतरला, तेव्हा आधी त्यांना नमुनाच खराब आहे असं वाटलं. पुन्हा तसंच झालं तेव्हा खरी गोष्ट ध्यानात आली.

हे कसं घडतं? याचं स्वच्छ उत्तर यायला १९४८ साल उजाडलं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात काम करणारे रेमंड आल्क्विस्ट म्हणाले की अ‍ॅड्रेनलीनला बसायला दोन प्रकारच्या जागा आहेत, अल्फा आणि बीटा. अल्फा जागेवर बसलं की रक्तवाहिन्या आवळतात. बीटा जागेवर बसलं की हृदय जलद होतं आणि काही रक्तवाहिन्या सैल पडतात. अल्फा अडवून ठेवली तर उरते फक्त बीटा, म्हणून दाब उतरतो. कुलपात दुसरीच चावी घालून ठेवली की खरी चावी आत शिरत नाही, रोधक औषधाचं काम एवढंच. आल्क्विस्ट यांचा निबंध एका नियतकालिकाने परत पाठवला होता. पुढे त्याच निबंधाच्या पायावर जेम्स ब्लॅक यांनी बीटा जागा अडवणारं प्रोप्रॅनोलॉल तयार केलं आणि १९८८ साली नोबेल मिळवलं.

आता दोन रोगी डोळ्यांसमोर आणा.

पहिला यवतमाळचा शेतमजूर. कपाशीवर दिवसभर फवारणी करून आला आहे. २०१७ च्या पावसाळ्यात त्या एका जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसएक माणसं गेली, हे तुम्ही वाचलं असेल. त्याला दरदरून घाम फुटला आहे, तोंडातून लाळ गळते आहे, उलट्या होत आहेत, श्वास लागला आहे. दुसरा महाडजवळच्या वाडीतला दहा वर्षांचा मुलगा. लाकडं उचलताना विंचू चावला. त्यालाही दरदरून घाम, लाळ, उलट्या, पुढे श्वास.

दोघांना सारखंच दिसतं आहे. मग औषधही सारखंच द्यायचं?

ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक अ‍ॅसिटिलकोलीन मोडणाऱ्या एन्झाइमला निकामी करतं. रसायन साचत जातं. पॅरासिंपथेटिक शाखेच्या प्रत्येक टोकाला त्याचा पूर येतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, फुप्फुसं पाण्याने भरतात. (घामाचा मज्जातंतू खरं तर सिंपथेटिक शाखेतला, पण त्याचं रसायन मात्र अ‍ॅसिटिलकोलीन. विद्यार्थी इथे हमखास चुकतात.) अशा रोग्याला अ‍ॅट्रोपिन द्यावं लागतं. आपल्या धोतऱ्यात असतं त्याच जातीचं हे द्रव्य अ‍ॅसिटिलकोलीनची जागा अडवून बसतं. किती द्यायचं? छाती कोरडी होईपर्यंत. दर पाच मिनिटांनी स्टेथोस्कोप लावायचा, फुप्फुसात बुडबुडे ऐकू येत असतील तर मात्रा दुप्पट करायची. बाहुल्यांकडे पाहून हात आखडला तर रोगी दगावतो. इथे अ‍ॅट्रोपिन म्हणजे जीव.

विंचवाच्या मुलाला मात्र? विंचवाचं विष मज्जातंतूंच्या टोकांना चेतवत ठेवतं आणि दोन्ही शाखांची रसायनं भराभर बाहेर पडतात. आधी घाम, लाळ, उलटी. त्या मागोमाग अ‍ॅड्रेनलीन आणि नॉरअ‍ॅड्रेनलीनचा लोंढा येतो. अल्फा जागा भरतात, रक्तवाहिन्या करकचून आवळतात, हातपाय गार पडतात. एवढ्या आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदयच दमतं, आणि फुप्फुसात पाणी चढतं. अशा मुलाला घाम आणि लाळ थांबवायला अ‍ॅट्रोपिन दिलं तर संथ राहायला मदत करणारी एकमेव शाखा तुम्ही बंद केली. हृदय आणखी सैरावैरा पळू लागतं. लक्षण पाहून दिलेलं औषध रोग्याला मृत्यूकडे ढकलतं.

हे कोडं सोडवलं कुणी? एखाद्या मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेने? नाही. डॉ. हिम्मतराव बावस्कर मराठवाड्यातल्या जालना जिल्ह्यातले, गरीब शेतकऱ्याच्या घरातले. नागपूरला डॉक्टर झाले आणि १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात जांभ्याच्या दगडांखाली, पेंढ्यात, लाकडांच्या ढिगात तांबूस रंगाचा लहानसा विंचू राहतो. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण मारणारा बहुधा हा लहान लाल. गावात विंचू उतरवणारे असत. काळ्याच्या दंशाची आग काही तासांत आपोआप शमते, त्याचं श्रेय मंत्राला जाई. लालाच्या दंशात मात्र मंत्र चालू असताना वेळ निघून जाई आणि मुलं तोंडातून गुलाबी फेस येऊन मरत. १९६१ साली डॉ. मुंडले यांनी विंचूदंशाने फुप्फुसात पाणी भरतं, हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये कळवलं होतं. तरी पुढची वीस वर्षं पश्चिम भारतात अशा गंभीर रोग्यांतले शंभरातले पंचवीस-तीस दगावत राहिले.

बावस्करांनी पहिलं काम काय केलं? रोग्यापाशी बसले. पुन्हा पुन्हा रक्तदाब घेतला, नाडी घेतली, हातापायांना हात लावून पाहिला, घाम, उलटी, लाळ यांची वेळेवार नोंद ठेवली. हातात काय होतं? रक्तदाबाचं यंत्र, स्टेथोस्कोप, टॉर्च. त्या नोंदींतून कळलं की काही लक्षणं हृदय खचण्याच्या आधी येतात: उलटी, अंगभर घाम, लाळ, मुलग्यांमध्ये लिंग ताठणं, आणि हातपाय बर्फासारखे गार पडणं. उलट, चावल्या जागी नुसता ठणका आहे, आग आहे, आणि हातपाय गरम आहेत, अशा रोग्याला बहुधा धोका नसतो. १९८२ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. महाडजवळच्या खेड्यांतल्या नोंदी लंडनच्या लॅन्सेटमध्ये!

पुण्याला एम.डी. करून ते पुन्हा त्याच भागात परतले, आणि तिथेच त्यांनी मी मघापासून विचारतो आहे तो प्रश्न विचारला. विष शेवटी कुठल्या जागेवर घाव घालतं? अल्फा जागेवर. मग ती जागा अडवणारं काही आपल्याजवळ आहे का? होतं. प्राझोसिन. उच्च रक्तदाबासाठी १९७० च्या दशकात बाजारात आलेली साधी गोळी. तिच्या पाकिटावर विंचू हा शब्द कुठेही नव्हता. पण ती बरोबर अल्फा जागेवर जाऊन बसते. विषाचा हल्ला जिथे, औषधही तिथेच. १९८६ साली त्यांनी प्राझोसिनचे निकाल लॅन्सेटमध्ये दिले. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात बरोबरीने होत्या. प्राझोसिन आल्यावर त्यांच्याकडे मृत्यूचं प्रमाण एका टक्क्याच्या आसपास उतरलं.

ही गोळी द्यायची पद्धत थोडी जवळून सांगतो. वजनाच्या किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, तोंडाने. मुलाला आडवंच ठेवायचं. आई त्याला कडेवर घ्यायला धावते, तिला थांबवावं लागतं, कारण आवळलेल्या वाहिन्या आता सैल पडत असतात आणि उभं धरलं की दाब एकदम कोसळतो. दर तीन तासांनी पुन्हा गोळी. कधीपर्यंत? हातपाय गरम होईपर्यंत. डॉक्टर मुलाच्या पायाच्या अंगठ्याला हात लावून पाहतो. गार आहे, थांबा. कोमट झाला. गरम झाला, आता पुरे. अल्फा जागा मोकळ्या झाल्या की नाही हे सांगणारी यापेक्षा चांगली तपासणी मला ठाऊक नाही, आणि तिला पैसा लागत नाही.

पुढे हाफकिनची विंचवाची लस मिळू लागली, म्हणजे विषाची उतारा-लस. तेव्हा बावस्करांनी ७० रोग्यांवर रीतसर चाचणी केली. निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि लस. दहा तासांत पूर्ण बरे झालेले: एकीकडे ३५ पैकी ८, दुसरीकडे ३५ पैकी ३२. बरं होण्याचा सरासरी वेळ सुमारे पावणेअठरा तासांवरून आठ तासांवर आला. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलने ते छापलं. ज्या माणसाचं नाव प्राझोसिनशी जोडलं गेलं, त्यानेच प्राझोसिन एकटं पुरेसं नाही हे मोजून दाखवलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, ती योग्य हाती गेली.

आता शिकवण्याबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. कायमोग्राफ गेले, बेडूक आणि ससेही प्रयोगशाळेतून गेले, आज विद्यार्थी पडद्यावर माउस टिचकावून अल्फा-बीटा शिकतो. प्राणी वाचले याचा मला आनंद आहे. त्यांच्या जागी पडद्याखेरीज काहीच आलं नाही, याचं मात्र दुःख आहे. पडद्यावरची रेघ नेहमी पुस्तकाप्रमाणे चढते. खरं शरीर तसं वागत नाही. माझं म्हणणं इतकंच की प्रत्येक विद्यार्थ्याने रुग्णालयात महिनाभर एकच काम करावं: रोग्याचा रक्तदाब झोपून घ्यावा, मग उभं करून घ्यावा, बाहुल्या पाहाव्यात, खोल श्वासाबरोबर नाडी कशी हलते ते मोजावं, आणि त्याच्या औषधांची यादी शेजारी ठेवून प्रत्येकापुढे लिहावं, हे कुठे बसतं. यासाठी कुठली परवानगी लागते? कुठलं अनुदान लागतं?

कधी वाट उलटीही असते, औषध आधी हाती येतं आणि जागा मागाहून कळते. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे शतकानुशतकं वापरात होती. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा रक्तदाबावरचा गुण नोंदवला. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपला अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं झालं. मग कळलं की हे द्रव्य जागा अडवत नाही, मज्जातंतूच्या टोकातला नॉरअ‍ॅड्रेनलीनचा साठाच रिकामा करतं. मेंदूतलेही साठे रिकामे होतात, म्हणून काही रोगी खिन्न होत. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिनने निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा देऊन उठवलं, आणि कंपवाताच्या आजच्या उपचाराचा पाया त्यातून पडला. आपल्या रानातल्या मुळीने मेंदूचं रसायनशास्त्र शिकवलं. या मुळीचा गौरव करताना आपण 'आमच्याकडे होतंच' म्हणून थांबतो. तिने काय शिकवलं हे आपल्या मुलांना सांगायला हवं.

शेवटी तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्याकडे येतो, कारण या सभागृहात साठी ओलांडलेले बरेच आहेत.

प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणारे इथे नक्कीच असतील. ते प्राझोसिनच्याच घराण्यातलं. मूत्रमार्गाच्या अल्फा जागा सैल करतं, पण थोडंफार रक्तवाहिन्यांच्याही. रात्री लघवीला उठताना झटकन उभे राहू नका. काठावर पाय सोडून बसा, डोकं ठिकाणावर असल्याची खात्री करा, मग उठा. वडीलधाऱ्यांचं खुब्याचं हाड मोडतं ते पुष्कळदा पहाटेच्या अंधारात, असं उठतानाच.

याच माणसांना सर्दी होते. दुकानातून सर्दीची गोळी आणतात. त्या गोळीत बहुधा दोन द्रव्यं असतात: एक नाक मोकळं करायला अल्फा जागा चेतवतं, दुसरं शिंका थांबवताना अ‍ॅसिटिलकोलीनची जागाही अडवतं. एकानं मूत्राशयाचं तोंड आवळतं, दुसऱ्यानं मूत्राशयाचा जोर जातो. सकाळपर्यंत लघवी अडते आणि नळी घालायची वेळ येते. गोळी सर्दीची होती, त्रास झाला तो भलतीकडे. कारण औषधाला सर्दी कळत नाही, त्याला फक्त त्याची जागा कळते.

आणि काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब घालणाऱ्यांसाठी एक गोष्ट. टिमोलॉल बीटा जागा अडवतं. डोळ्यातला थेंब अश्रूंच्या नळीतून नाकात उतरतो आणि तिथून थेट रक्तात जातो, यकृताच्या चाळणीतून न जाता. श्वासनलिका मोकळ्या ठेवणाऱ्या बीटा जागा फुप्फुसात आहेत, हृदयाचा वेग राखणाऱ्या हृदयात. म्हणून दमेकऱ्याला डोळ्यांच्या थेंबाने धाप लागू शकते, आणि कुणाची नाडी फारच संथ होऊ शकते. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटं हलकेच दाबून ठेवा, म्हणजे नळीतून कमी उतरतं. दमा असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ते आधी सांगा, आणि छातीच्या डॉक्टरांकडे जाताना थेंबांची बाटली पिशवीत घालून न्या. गोळ्यांची यादी सांगताना थेंब कुणीच सांगत नाही.